अभिप्राय कोणास विचारावा?

महालातील एका जुन्या वाड्यात आमचे जाणेयेणे पुष्कळ वर्षांचे आहे. चार पिढ्या एका स्वयंपाकघरात जेवतात असे घर आता नागपुरातही विरळा; परंतु हे त्यांपैकी एक होय. गेल्या चैत्रात, ऊन नुकते तापू लागले असता, आम्ही तेथे गेलो, तो घरात सुतकासारखी शांतता. या घरची नातसून एका सरकारी कचेरीत अधिकारी आहे. बढतीची यादी त्याच दिवशी लागली होती आणि तीत तिचे नाव नव्हते. पाच वर्षांचे तिच्या कामावरील शेरे पाहण्यात आले. पाचही वर्षी शेरा एकच – ‘चांगले’. बढतीस मात्र ‘अतिशय चांगले’ असा शेरा लागतो, हे तिला त्या दिवशी कळले. दरवर्षी तो कागद तिच्या हाती येत असे, दरवर्षी ती सही करून तो परत देत असे, आणि घरी येऊन सांगत असे की यंदाही शेरा चांगलाच मिळाला; त्यावर सासूबाई देवापुढे साखर ठेवीत असत.

घरच्या मंडळींचा न्याय झटपट झाला. वरिष्ठाच्या मनातच नव्हते, असे सासूबाईंचे मत पडले. चुलतसासऱ्यांनी अर्ज कोणाकडे करावयाचा, त्यात कोणती कलमे घालावयाची, हे सांगण्यास प्रारंभ केला. नवरा बिचारा काहीच बोलत नव्हता. अण्णा, म्हणजे तिचे आजेसासरे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले; ते सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी म्हणाले, “पोरी, आपल्या कामात उणे काय आहे, हे तू होऊन कधी कोणास विचारले होतेस काय?”

तिने खाली पाहिले व हळूच म्हटले, “अण्णा, आपण होऊन विचारायला गेले, तर हिला काम येत नाही असेच नाही का म्हणणार?”

या प्रश्नास तेथे कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. परंतु परतताना तोच मनात घोळत राहिला, आणि या महिन्याचे आमचे सदर त्यालाच द्यावे असे आम्ही ठरविले.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर नोकरदारांची स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. एके काळी गोपनीय शेरा खरोखरच गोपनीय असे. प्रतिकूल असेल तेवढाच संबंधितास कळवीत, आणि बाकीचे कपाटात राही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या दाव्यात ही रीत मोडून काढली. दावा करणारे गृहस्थ सीमेवरील रस्ते बांधणाऱ्या खात्यात अभियंता होते, आणि त्यांचे गाऱ्हाणे आमच्या नातसुनेच्या गाऱ्हाण्याशी हुबेहूब जुळते. एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला, बढतीस ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि तो शेरा त्यांस कळविण्यातच आला नव्हता. ज्या शब्दाने माणसाची वाट अडते तो शब्द दिसावयास कितीही गोड असला तरी परिणामाने प्रतिकूलच होय, असे न्यायालयाने धरले, आणि बरावाईट कोणताही शेरा असो, तो ज्याचा त्यास कळविला पाहिजे असा निर्णय दिला. निर्णय उत्तम आहे. त्याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु कायदा कागद हाती देऊ शकतो, त्या कागदावरच्या शब्दास बोलते करू शकत नाही. ‘चांगले’ म्हणजे काय चांगले, आणि काय केले असता ते अधिक चांगले होईल, हे त्या चौकटीत मावत नाही. शिवाय वर्ष संपल्यावर आलेला शेरा हा निकाल असतो. परीक्षेचा निकाल वाचून कोणाचा अभ्यास झाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

त्या वाड्यात रोज सकाळी इंग्रजी वृत्तपत्र येते ते ‘हितवाद’; अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा तो रतीब आहे. नागपूरच्या सुशिक्षित घरांत हे नाव इतके अंगवळणी पडले आहे की त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. हिताचे बोलणे, तो हितवाद. संस्कृत शिकलेल्या वाचकांस या ठिकाणी भारवीचा वनेचर आठवेल. किरातार्जुनीयाच्या पहिल्याच सर्गात तो युधिष्ठिराकडे परत येतो आणि दुर्योधन राज्य किती दक्षतेने चालवीत आहे हे सांगतो. शत्रूची वाखाणणी धन्याच्या तोंडावर! शाळेत हा भाग शिकविताना वनेचराच्या धैर्याची थोरवी सांगतात. आम्हांस मात्र युधिष्ठिराचे धैर्य मोठे वाटते. कारण ही वार्ता आण म्हणून त्यास धाडले होते ते युधिष्ठिरानेच.

‘हितवाद’ पत्र नागपुरात १९११ साली निघाले, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने. आपल्या कामातील उणे दुसऱ्याकडून काढून घेण्याची विद्या ज्याने आयुष्यभर चालविली असा पुरुष शोधू गेल्यास गोखल्यांइतके चांगले उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही. म्हणून त्यांची हकीकत येथे थोडी विस्ताराने देतो.

गोखले न्यायमूर्ती रानड्यांच्या परिचयात आले ते १८८७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. फर्गसन कॉलेजात शिकविणारा, इंग्रजीवर प्रेम करणारा, स्वभावाने अतिशय हळवा असा हा तरुण. रानड्यांनी त्यास सरकारी अहवालांच्या रुक्ष आकड्यांत बसविले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम आणि पुढे सभेचे चिटणीसपण त्याच्याकडे आले. सरकारकडे जावयाचे अर्ज त्याने लिहावे व रानड्यांनी ते तपासावे, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. गोखल्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. एवढे श्रम करून लिहिलेल्या अर्जास सरकारकडून दोन ओळींची पोच येते, मग हा खटाटोप कशास, असे त्यांनी एकदा रानड्यांस विचारले. रानड्यांनी उत्तर दिले की हे अर्ज नावापुरते सरकारास असतात. ते खरे आपल्या लोकांसाठी आहेत, त्यांस विचार करावयास शिकविण्यासाठी आहेत. हा अभिप्राय एखाद्या वाक्याच्या घडणीविषयी नव्हता. आपण लिहितो ते कोणासाठी, हेच त्याने उलगडून दाखविले. असा अभिप्राय आयुष्यात एकदोनदाच मिळतो, आणि तोही गाऱ्हाणे का होईना, तोंडाने बोलून दाखविले तरच.

रानड्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. दुसरे नाव मात्र आजच्या वाचकांस अनोळखी असेल. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. (सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते निराळे, या दोघांचा घोटाळा विद्वान माणसेही करतात.) हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका सखोल अभ्यास त्या काळी फार थोड्यांचा होता, पण सरकारी नोकर असल्यामुळे त्यांस उघडपणे व्यासपीठावर येता येत नसे. गोखले त्यांच्याकडे पत्रे लिहीत, टिपणे मागवीत, आकडे तपासून घेत. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या साक्षीची सर्व सिद्धता रानडे आणि जोशी या दोघांच्या नजरेखालून गेली होती. हिंदुस्थानातून गेलेल्या साक्षीदारांत ते वयाने सर्वांत लहान. उलटतपासणी कसून झाली, आणि साक्ष टिकली. ती टिकली याचे कारण लंडनमधील साहेबांनी विचारण्याजोगे प्रश्न पुण्यात आधीच विचारून झाले होते.

पुढे १९०१ मध्ये गोखले व्हाइसरॉयांच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले. त्याच वर्षी जानेवारीत रानडे वारले होते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास गोखल्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. तिजोरीत शिल्लक दिसते ती प्रजेच्या भरभराटीमुळे नव्हे, दुष्काळात होरपळलेल्या लोकांवरील कर पूर्वीइतकेच चढे ठेवल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले, आणि देशभर त्यांचे नाव झाले. पुढील वर्षी मिठावरचा कर उतरला. या भाषणाची टिपणेही जोशांकडून आली होती. भाषणाची वाहवा झाल्यावर गोखल्यांनी हेडमास्तरांस जे पत्र लिहिले त्याचा आशय असा की हे भाषण माझ्यापेक्षा तुमचेच अधिक आहे, आणि त्याचे सर्व श्रेय मी घेतो आहे यात लोकांची फसवणूक होते असे मला वाटते.

हे पत्र खाजगी होते, हे विसरू नये. जाहीर आभार मानणे सोपे असते. त्यात मानणाऱ्याचीही शोभा वाढते. ज्यास आपले नाव पुढे येऊ देता येत नाही अशा माणसास एकांतात ‘हे तुमचे आहे’ असे सांगणे निराळे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहावे. मागून घेतलेला सल्ला कोठे उपयोगी पडला हे ज्यास कळविले जाते तो पुढच्या वेळीही मनापासून सांगतो. ज्यास पोचसुद्धा मिळत नाही तो ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो. आमच्या तरुण मंडळींची मोठी चूक येथे होते. मागताना तिघांकडे जातात, काम झाल्यावर एकाकडेही परत जात नाहीत.

गोखल्यांच्या आयुष्यातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्यावाचून ही हकीकत अर्धी राहील. वेल्बी कमिशनच्या कामासाठी ते विलायतेत असतानाच पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरोघर तपासणी करणाऱ्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी पुण्याच्या मित्रांची पत्रे आली, आणि त्यांवर विसंबून गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तो देता आला नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी शेवटपर्यंत उघड केली नाहीत, आणि १८९७ च्या ऑगस्टात आरोप मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांस स्वकीयांकडून जे ऐकावे लागले ते पुष्कळ वर्षे ऐकावे लागले. माफी मागावयास नको होती असे म्हणणारे तेव्हा होते व आजही आहेत. सोल्जरांच्या वर्तनाविषयी लोकांच्या तक्रारी निराधार होत्या असे आम्हीही म्हणणार नाही. आमचे लक्ष वेधते ते एवढ्याच गोष्टीकडे की त्याच वर्षी, त्याच देशात, त्याच माणसाच्या तोंडून निघालेल्या दोन बोलण्यांपैकी जे अगोदर दुसऱ्याच्या तपासणीखालून गेले होते ते टिकले, आणि जे तसे गेले नव्हते ते गळी आले.

मात्र विचारले म्हणजे ऐकलेच पाहिजे असेही नाही. गोखल्यांस गुरू मानणाऱ्या गांधीजींचे उदाहरण घ्या. १९१५ च्या जानेवारीत ते हिंदुस्थानात परतले, तेव्हा वर्षभर देश पाहा आणि बोलू नका, असा गोखल्यांचा सल्ला त्यांनी अक्षरशः पाळला. पण १९०९ मध्ये आगबोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकाविषयी गोखल्यांचे मत असे होते की ते घाईने लिहिलेले व कच्चे आहे, देशात एक वर्ष राहिल्यावर गांधी ते आपण होऊन नष्ट करतील. गांधींनी ते नष्ट केले नाही. पुढे त्यांनी लिहिले की त्यातील एकच शब्द बदलावा असे मला वाटते, आणि तोही एका इंग्रज स्नेही बाईंच्या म्हणण्यावरून. एकाच गुरूचा एक सल्ला शिरोधार्य, दुसरा आदराने बाजूस ठेवलेला! गोखले व्यवहाराचे जाणते होते, आणि देशात कसे वागावे हा व्यवहाराचा प्रश्न होता. पुस्तक हा श्रद्धेचा प्रश्न होता. कोणाचे कोणत्या बाबतीत ऐकावे हे ओळखण्यासाठीसुद्धा आधी ऐकून घ्यावे लागतेच.

आता पुन्हा आमच्या घरांकडे वळू. एकत्र कुटुंबात अभिप्रायाची वाण नसते. असतो तो त्याचा अजीर्णाइतका सुकाळ. परंतु बहुधा त्याचे दोनच प्रकार आढळतात. एक साखरेचा, दुसरा पंक्तीत सर्वांदेखत वाढलेला कारल्याचा. पहिल्याने माणूस फुगतो आणि दुसऱ्याने मिटतो. काम आहे तेथेच राहते. हे सदरही आम्ही छापावयास धाडण्यापूर्वी घरी वाचून दाखवितो. ‘छान झाले आहे’ असे उत्तर येते, आणि त्या उत्तराने आमचा एक शब्दही आजवर सुधारलेला नाही. एकदा मात्र दहावीतल्या भाचीने विचारले, “हे दुसरे पान कशासाठी आहे?” आम्ही तिच्यावर रागावलो, आणि रात्री उठून ते पान काढून टाकले.

नातसुनेच्या प्रश्नाकडे आम्ही दुर्लक्ष केलेले नाही. विचारले तर येत नाही असे म्हणतील, ही भीती खरी आहे. आणि बाईमाणसाच्या बाबतीत ती अधिक खरी आहे. पुरुषाने विचारले तर तो होतकरू ठरतो, बाईने विचारले तर ती अडलेली ठरते, असे अनेक कचेऱ्यांत अजून चालते. म्हणून कोणास विचारावे आणि काय विचारावे, हे दोन्ही पाहिले पाहिजे. ‘माझे काम कसे आहे?’ हा प्रश्न कोणासच विचारू नये. त्याचे खरे उत्तर देण्यास ऐकणाऱ्यास अर्धा दिवस लागेल व सांगण्याचे धैर्यही लागेल. म्हणून तो ‘चांगले’ म्हणतो. त्याऐवजी कामाचा एक तुकडा पुढे ठेवावा, तो अजून कच्चा असताना ठेवावा, आणि यात काय गाळू किंवा कोठे तुम्हांस अडखळले, एवढेच विचारावे. कागदातील उणे दाखविणे कोणासही जड जात नाही. माणसातील उणे दाखविणे जड जाते.

राहिला प्रश्न माणसाचा. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास आपल्या बढतीशी कर्तव्य असते, वरिष्ठास वेळ नसतो, घरच्यांस कामातले कळत नाही. गोखल्यांस हेडमास्तर सापडला, त्यात एक मर्म आहे. जोशी विषयातले पूर्ण जाणते, आणि गोखल्यांशी त्यांची कसलीही स्पर्धा नव्हती. नागपुरात अशा माणसांस तोटा नाही. १९५६ पर्यंत हे शहर एका प्रांताची राजधानी होते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, खाणींपासून आयकरापर्यंतची मोठमोठी खाती येथे आजही आहेत, आणि त्यांतून निवृत्त झालेली माणसे संध्याकाळी अंबाझरीच्या काठी फिरताना दिसतात. तीस-पस्तीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केले त्यांच्याकडे आता कोणी मसुदा घेऊन जात नाही. गुडघ्यांवर आणि राजकारणावर बोलून त्यांची संध्याकाळ जाते.

हे सर्व आम्ही त्या वाड्यात जाऊन सांगितले असे वाचकांनी समजू नये. अण्णांनीच ते आमच्या आधी केले होते. धरमपेठेत राहणारे, हिशेबखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांच्या ओळखीचे. नातसुनेने आपल्या नव्या अहवालाचा, गोपनीय असे काही नसलेला, चौदा पानांचा भाग त्यांच्याकडे नेला. आषाढात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो मसुदा परत आलेला होता. सर्व पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहिले होते, ‘आपले म्हणणे नवव्या पानावर सापडले. ते येथे का नाही?’ दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही, असे तिच्या नवऱ्याने आम्हांस बाजूस घेऊन सांगितले. तिसऱ्या दिवशी तिने नववे पान पुढे आणले, आणि मग उरलेल्यांपैकी पाच पानांची गरजच नाही असे तिला आपोआप दिसले.

आम्ही बसलो असता ती धरमपेठेतून दुसऱ्यांदा जाऊन आली. अण्णांनी चष्मा लावून पाने हाती घेतली. सासूबाई आतून हात पुशीत आल्या आणि त्यांनी विचारले, “काय गं, चांगले म्हणाले का?”

“नाही, आई,” ती म्हणाली. “चौथे पान पुन्हा लिहून गुरुवारी आणा म्हणाले.”

सासूबाई देवघराच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. साखर ठेवावी की ठेवू नये, हे त्यांस ठरविता येईना.